दोनशेचा प्लॅन, चौऱ्याण्णवचा आकडा

घरी २०० एमबीपीएसचा नवा प्लॅन घेतला आणि त्याच संध्याकाळी लॅपटॉपला वायर जोडून स्पीड टेस्ट केली. आकडा आला ९४. पुन्हा केली, ९४. रात्री अकराला केली, पहाटे सहाला केली, तरी ९४च. मधल्या वेळात एक मोठी फाइल डाउनलोडला लावली होती, तिच्यापुढे ‘सेकंदाला ११.२ एमबी’ असं दिसत होतं. बिलावर २००, टेस्टमध्ये ९४ आणि डाउनलोडमध्ये ११. वायर एकच, आकडे तीन.

कंपनी कमी स्पीड देते, असंच मला आधी वाटलं. तक्रारीसाठी फोनही उचलला होता. मग त्या ९४ कडे पुन्हा पाहिलं आणि फोन खाली ठेवला. गर्दीमुळे वेग पडत असता तर आकडा वरखाली झाला असता, संध्याकाळी ७०, पहाटे १५०. दिवसाच्या कुठल्याही वेळी तोच आकडा येतो तेव्हा वाटेत कुठेतरी पक्की भिंत असते. ती कुठे होती ते शेवटी सांगतो. पण ती सापडली ती ‘डेटाचा वेग’ म्हणजे नेमकं काय मोजतात हे ठाऊक असल्यामुळे, म्हणून आधी ते.

‘वेग’ हा शब्दच इथे जरा फसवतो. गाडीचा वेग म्हटला की किलोमीटर आणि तास डोळ्यांपुढे येतात. डेटाच्या वेगात अंतर कुठेच नसतं. नळाला पाणी कसं येतंय हे आपण हंडा किती वेळात भरला यावरून सांगतो, तसाच हा प्रकार आहे: एका सेकंदात किती बिट आले. बिट म्हणजे ० किंवा १, माहितीचा सगळ्यात लहान तुकडा. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट, आणि एक मेगाबिट म्हणजे दहा लाख बिट. फायबरच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. तुम्ही ५० चा प्लॅन घ्या की ५०० चा, प्रकाश तितकाच धावतो. महागड्या प्लॅनमधले बिट जास्त पळत नाहीत, ते एकमेकांना जास्त चिकटून येतात.

हे डोळ्यांसमोर आणायचं तर एक हिशेब करून बघा. १ जीबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० कोटी बिट. दोन लाख किलोमीटर लांबीत ते १०० कोटी बसवले तर प्रत्येकाच्या वाट्याला येते २० सेंटिमीटर, साधारण एक वीत. आता १९६० च्या दशकातला मोडेम घ्या, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून संगणकाचे बिट पाठवणारं उपकरण, सेकंदाला ३०० बिट पाठवणारा. तारेतला वेग तेवढाच धरला तर त्याचा एक बिट सुमारे ६६७ किलोमीटर लांब. त्याचं डोकं नागपूरच्या जवळ पोचतं तेव्हा शेपूट मुंबईतून सुटत असते. साठ वर्षांत आपण मिळवलं ते हे: नागपूरपर्यंतचा बिट वितीएवढा केला.

आता ९४ आणि ११ चं भांडण, कारण ते लवकर मिटतं. दूरसंचारवाले बिट मोजतात, संगणकावरच्या फाइली बाइटमध्ये मोजतात, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. इंग्रजीत लिहिताना बिटला लहान बी आणि बाइटला मोठा बी वापरतात. जाहिरातीच्या फलकावर हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. ९४ ला ८ ने भागा, ११.७५ येतात. मग ११.२ का दिसले? कारण दूरसंचारात ‘मेगा’ म्हणजे सरळ १० लाख, पण बऱ्याच प्रोग्राममध्ये एमबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०,४८,५७६ बाइट. माप मोठं, म्हणून आकडा लहान. दोन्ही आकडे खरे होते. प्लॅन घेताना एवढं लक्षात ठेवा: १०० चा प्लॅन पूर्ण क्षमतेने चालला तरी फाइल सेकंदाला साडेबारा एमबीच्या वर उतरणार नाही.

हे मोजमाप इंटरनेटच्या फार आधीचं आहे. तारायंत्राच्या काळात वेग मिनिटाला किती शब्द यावर ठरायचा. शब्द लहानमोठे असतात, म्हणून मोर्स लिपीत एक प्रमाण शब्द ठरवला गेला, ‘पॅरिस’. तो पाठवायला, पुढच्या शब्दाआधीची मोकळी जागा धरून, बरोबर ५० ठोके लागतात. ठोका म्हणजे एका बिंदूएवढा वेळ. मिनिटाला २० शब्द पाठवणाऱ्या तारबाबूचा एक ठोका ६० मिलिसेकंदांचा. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. दुःखाची तार घेऊन दारात आलेला पोस्टमन ज्यांना आठवतो, त्यांच्यासाठी तो मजकूरही याच ठोक्यांच्या हिशेबाने आलेला होता.

फ्रान्समधल्या एमिल बोदो या तारखात्यातल्या अभियंत्याने १८७४ मध्ये वेगळी पद्धत आणली. प्रत्येक अक्षराला सारखेच पाच ठोके, प्रत्येक ठोका चालू किंवा बंद. त्याच्या नावावरून ‘बॉड’ हे एकक आलं: एका सेकंदात तारेवर किती ठोके पडतात. बॉड आणि बिट यांची गल्लत अजूनही सर्रास होते, अगदी शिकलेल्या माणसांकडूनही. म्हणून इथे थोडं थांबू या.

मुंबईच्या लोकलचा सिग्नल आठवा. लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा, असे चार प्रकार. नुसता लाल आणि हिरवा असता तर सिग्नलच्या एका बदलातून मोटरमनला हो किंवा नाही एवढंच कळलं असतं, म्हणजे एक बिट. चार पर्याय असल्यामुळे एकाच बदलातून दोन बिटांची माहिती मिळते. सिग्नल बदलण्याचा वेग तोच, माहिती दुप्पट. सिग्नल किती वेळा बदलतो ते बॉड, आणि त्यातून किती माहिती पोचते ते बिट. पर्याय १६ केले तर एका बदलात ४ बिट, २५६ केले तर ८. वाय-फाय ६ मध्ये १०२४ पर्यंत पर्याय असतात, म्हणजे एका ठोक्यात १० बिटांपर्यंत.

मोडेमची बरीचशी प्रगती याच वाटेने झाली. सेकंदाला २४०० बिट पाठवणारा मोडेम तारेवर ६०० च ठोके मारायचा, प्रत्येक ठोक्यात चार बिट भरून. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हाची डायल-अप जोडणी सेकंदाला ९६०० बिटांची होती. आजच्या फोनमधला ३ एमबीचा एक फोटो तिच्यावरून यायला चाळीस मिनिटांच्या वर लागली असती.

मग पर्याय वाढवतच का नेत नाहीत? एका ठोक्यात शंभर बिट का नाहीत? याचंही उत्तर सिग्नलपाशीच आहे. लाल आणि हिरवा भर पावसातही ओळखू येतात. पण १०२४ छटांचे दिवे लावले तर पावसाळी अंधारात कुठली छटा कुठली हे कसं ओळखणार? तारेतला पाऊस म्हणजे गोंगाट: शेजारच्या तारांचा त्रास, उष्णतेने होणारी सळसळ, गंजलेले जोड. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये सिद्ध केलं की वाहिनीची रुंदी (ती किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंतचे सूर वाहते) आणि सिग्नल गोंगाटाच्या किती पट आहे, एवढ्या दोन गोष्टी ठाऊक असल्या की त्या वाहिनीवरून सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट बिनचूक जातील ते गणिताने सांगता येतं. त्याच्या पुढे कुणाचीही हुशारी चालत नाही. टेलिफोनच्या तारेवर आवाजासाठी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढी रुंदी होती. सिग्नल गोंगाटाच्या तीन हजार पट धरला तर शॅननचं उत्तर येतं सेकंदाला सुमारे ३६,००० बिट. आणि खऱ्या मोडेमची मजल गेली ३३,६०० पर्यंत. विज्ञानातला एखादा सिद्धान्त घरातल्या टेबलावर इतका जवळून खरा झालेला मला दुसरा आठवत नाही.

१९९८ मधला ५६,००० चा मोडेम त्या मर्यादेपुढे कसा गेला, असं कुणी विचारेल. एक्स्चेंजच्या बाजूची जोडणी तोवर पूर्ण डिजिटल झाली होती, त्यामुळे एका दिशेचा गोंगाट बराच कमी झाला होता. म्हणून ५६,००० फक्त डाउनलोडला मिळायचे. अपलोड ३३,६०० वरच अडकलेलं. नेट जोडताना मोडेममधून येणारा तो किर्रर्र आवाज आठवतो? त्यातला काही भाग मोजमापाचाच होता. दोन्हीकडचे मोडेम वेगवेगळ्या पट्टीचे सूर पाठवून तार किती स्वच्छ आहे ते तपासायचे आणि मग कुठल्या वेगाने बोलायचं ते ठरवायचे. तुमचा फोनही मोबाइल टॉवरशी हेच सतत करतो, फक्त आवाज न करता. खिडकीपाशी स्पीड वाढतो तो यामुळे: गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल जोरात, म्हणून एका ठोक्यात जास्त बिट.

उपकरण स्वतः वेग कसा मोजतं, हे मात्र अगदी साधं आहे. राउटरच्या प्रत्येक पोर्टवर एक मोजणी चालू असते, विजेच्या मीटरसारखी: आजवर किती बाइट आले, किती गेले. दोन वेळा वाचन घ्यायचं, वजाबाकी करायची, मधल्या सेकंदांनी भागायचं. वेग मोजण्याचं सरळ यंत्र असं काही नसतंच. असतो एक मोजणारा आणि एक घड्याळ. पण यातले दोन खाचखळगे मोठमोठ्या जाळ्यांच्या देखभालीत माणसांची झोप उडवतात. एक म्हणजे मीटर भरून पुन्हा शून्यावर येणं. जुनं मीटर ३२ बिटांचं होतं, ते सुमारे ४२९ कोटी बाइटला उलटतं. १ जीबीपीएसच्या जोडणीवर हे अवघ्या ३४ सेकंदांत होतं, आणि पाच मिनिटांनी वाचन घेणाऱ्याला साफ चुकीचा वेग दिसतो. म्हणून ६४ बिटांची मीटरं आली. दुसरा खड्डा सरासरीचा. आलेखात ‘५० टक्के वापर’ दिसतो, पण तारेवर कुठल्याही एका क्षणी बिट असतो किंवा नसतो. पाच मिनिटांच्या सरासरीत दोन सेकंदांची कोंडी दिसतच नाही, आणि तुमचा व्हिडिओ कॉल नेमका त्या दोन सेकंदांत अडकलेला असतो. कुणी वेग सांगितला की किती वेळाची सरासरी, हे मी आवर्जून विचारतो.

आता ९४. नेटवरचा डेटा पाकिटांत बांधून जातो आणि प्रत्येक पाकिटाला वेष्टन लागतं: पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, क्रमांक, तपासणीची बेरीज, दोन पाकिटांमधली मोकळी जागा. एक पूर्ण भरलेलं पाकीट तारेवर १५३८ बाइट जागा घेतं. त्यात तुमचा माल साधारण १४४८ बाइट. भागाकार करा, ९४ टक्के येतात. म्हणजे १०० एमबीपीएसच्या तारेवरून तुमच्या हाती पडू शकतात जास्तीत जास्त ९४. माझा आकडा २०० च्या प्लॅनचा नव्हताच. तो कुठल्यातरी १०० च्या तारेचा होता, आणि ती तार तिचं काम अगदी चोख करत होती.

तारेचा वेग आणि हाती पडलेला वेग यांत असं अंतर नेहमीच असतं, आणि वाय-फायमध्ये ते फार मोठं होतं. खोक्यावर १२०० लिहिलेला राउटर ३०० आणि ८६७ अशा दोन पट्ट्यांची बेरीज सांगत असतो. तुमचा फोन एका वेळी सहसा त्यातल्या एकाच पट्टीवर असतो. शिवाय हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं. घरातले सगळे फोन, टीव्ही आणि शेजाऱ्याचा राउटर एकाच चॅनेलवर असले तर आळीपाळीने बोलतात. त्यामुळे फोनवर ३०० ची जोडणी दिसत असताना प्रत्यक्षात निम्मा वेग मिळणं हे अगदी रोजचं आहे. वाय-फायवर टेस्ट करून कंपनीला दोष देऊ नका, एवढं मी कळकळीने सांगेन. आधी वायर लावून मोजा.

कंपनीच्या बाजूलाही गणित आहे. घरगुती फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत एक्स्चेंजकडून येणारी एक तार गल्लीत काचेच्या फाटाफोडीतून, समजा, ३२ घरांना वाटलेली असते. तिचा एकूण डाउनलोड सेकंदाला सुमारे २.४८८ अब्ज बिट. सगळ्यांनी एकाच सेकंदाला ओढलं तर प्रत्येकाला ७७ च्या आसपास मिळतील. सगळे एकदम ओढत नाहीत, या भरवशावर २०० आणि ३०० चे प्लॅन विकले जातात आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरतात. जाहिरातीतल्या ‘पर्यंत’ या शब्दात हे सगळं दडलेलं असतं. सरकारी व्याख्येतला ब्रॉडबँडचा किमान वेगही सरकत गेला आहे: २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस, २०१३ मध्ये ५१२ आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस.

आतापर्यंत सगळं हंडा भरण्याबद्दल झालं. पण नळ सोडल्यापासून पहिला थेंब यायला किती वेळ लागला? हे वेगळं मोजमाप आहे, आणि माझ्या मते रोजच्या वापरात जास्त जाणवणारं. माझ्या ओळखीचे सांगलीतले एक लग्नाचे फोटोग्राफर हंगामातलं १ टीबी चित्रीकरण हार्ड डिस्कवर भरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याच्या एडिटरकडे पाठवतात. त्यांचा अपलोड २० एमबीपीएसचा. त्यावरून १ टीबी जायला साडेचार दिवस लागतील. ट्रॅव्हल्स पाच तासांत पोचते. हिशेब केला तर ती गाडी सेकंदाला ४४ कोटी बिट वाहते, म्हणजे ४४४ एमबीपीएस. फक्त पहिला बिट यायला पाच तास लागतात. त्या गाडीवरून व्हिडिओ कॉल करता येणार नाही.

हा उशीर मोजतात तो ‘पिंग’ने. अमेरिकेतल्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. हाक मारायची, प्रतिसाद यायला किती मिलिसेकंद लागले ते बघायचं. इथे मात्र अंतराला किंमत आहे. फायबरमध्ये एका मिलिसेकंदाला २०० किलोमीटर. मुंबई ते न्यू जर्सी सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन किमान १२५ मिलिसेकंद. तार सरळ जात नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरून वळसे घेत जाते, म्हणून प्रत्यक्षात आकडा दोनशेच्या आसपास येतो. तिकडे राहणाऱ्या लेकीशी आई बोलते तेव्हा दोघी एकदम बोलू लागतात आणि एकदम थांबतात, त्याचं मूळ इथे आहे. २०० चा प्लॅन ५०० चा केला तरी ते अंतर कमी होणार नाही. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्यामार्फत प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो, मग सेकंदाला बिट कितीही येत असोत.

आणि उशीर वेगालाही खातो. फाइल पाठवणारा सर्व्हर काही पाकिटं पाठवून पोचपावतीची वाट बघतो. जुन्या पद्धतीत पावतीशिवाय जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट पाठवता यायचे. पावती यायला २०० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदात असे पाचच हप्ते. म्हणजे २.६ एमबीपीएस, तार कितीही जाड असली तरी. आजच्या प्रणाली हा हप्ता परिस्थिती पाहून वाढवतात, पण दूरच्या सर्व्हरवरून डाउनलोड संथ का, याचं एक कारण अजूनही हेच असतं. स्पीड टेस्ट हे टाळते: ती जवळचा सर्व्हर निवडते आणि बहुतेक वेळा एकदम अनेक जोडण्या उघडते. तिचा आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या घरापासून त्या सर्व्हरपर्यंतचाच असतो. म्हणून टेस्ट करताना एकदा मुद्दाम लांबच्या शहरातला सर्व्हर निवडून बघा. आणि अपलोड चालू असताना पिंग किती वाढतो तेही पाहा. २० चा ३०० झाला, तर मुलांच्या ऑनलाइन क्लासमध्ये आवाज का तुटतो ते तिथेच कळेल.

तर माझी भिंत. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ पाहिला, १००. राउटरचा पोर्ट १००० चा, लॅपटॉपचाही १००० चा. उरली मधली वायर. या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळाच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. कपाटामागून वायर ओढून काढली तर एका टोकाच्या कनेक्टरमध्ये तपकिरी तार नीट बसलेलीच नव्हती. दोन्ही बाजूंच्या उपकरणांनी ते ओळखून मुकाट्याने १०० वर तडजोड केली होती. कोपऱ्यावरच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात नवा कनेक्टर क्रिंप करून घेतला. लिंक स्पीड १०००, टेस्टमध्ये १९६.

या दुरुस्तीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आकड्यांत दिसत नाही. १०० च्या जोडणीत तारेवर सेकंदाला साडेबारा कोटी ठोके पडतात. एक जोडी पाठवायला आणि एक घ्यायला. १००० च्या जोडणीत चारही जोड्या दोन्ही दिशांनी कामाला लागतात आणि प्रत्येक ठोक्यात प्रत्येक जोडी दोन बिट नेते. चार गुणिले दोन गुणिले साडेबारा कोटी, बरोबर १०० कोटी. जोडणी दहापट झाली, पण कपाटामागच्या तांब्यात ठोके आधीही साडेबारा कोटी पडत होते आणि आजही साडेबारा कोटीच पडताहेत.